एकाच पुस्तकाच्या मागे जगभर: असिमोवचं ‘फाउंडेशन’ कसं जमवावं

अमेरिकी विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव याची पुस्तकं जमवायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: सगळा असिमोव जमवू नका. लिहिलेली आणि संपादित केलेली मिळून त्याच्या नावावर पाचशेच्या आसपास पुस्तकं आहेत. त्यात रसायनशास्त्र आहे, बायबल आहे, शेक्सपिअर आहे, विनोदांचे संग्रहही आहेत. दिसेल ते घेत गेलात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि हाताला धागा लागणार नाही. त्यापेक्षा एक पुस्तक धरा आणि ते कुठे कुठे, कोणत्या रूपात छापलं गेलं याच्या मागे लागा. मी ‘फाउंडेशन’ ही त्याची विज्ञानकादंबरी धरली. साम्राज्य कोसळणार हे गणितानं आधीच ओळखणारा हॅरी सेल्डन मला शाळेच्या वयात भेटला आणि अजून सुटलेला नाही.

पुस्तक धरलं की त्याची वंशावळ पाठ करा, कारण पुढची सगळी खरेदी तिच्यावर अवलंबून असते. ‘फाउंडेशन’ आधी सुट्या कथांच्या रूपात आलं: पहिली कथा ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी विज्ञानकथा-मासिकाच्या मे १९४२ च्या अंकात आली आणि लगेच जूनच्या अंकात दुसरी. पुस्तक निघालं १९५१ मध्ये, न्यूयॉर्कच्या नोम प्रेसकडून. त्याचं पहिलं प्रकरण खास पुस्तकासाठी नव्यानं लिहिलेलं होतं, म्हणून मासिकांचे अंक जमवले तरी ते त्यांत सापडणार नाही. ब्रिटनमध्ये वायडेनफेल्ड अँड निकोल्सननं १९५३ मध्ये पुस्तक काढलं. १९५५ मध्ये एस बुक्सनं त्याची काटछाट करून ‘द थाउजंड इयर प्लॅन’ या नावानं पस्तीस सेंटांची आवृत्ती आणली. १९६१ मध्ये हक्क डबलडे या अमेरिकी प्रकाशनसंस्थेकडे गेले. हे पुस्तक ज्या मालिकेतलं पहिलं, तिला १९६६ मध्ये सर्वकालीन उत्तम मालिकेचा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर भाषांतरांची संख्या वाढत गेली.

नोम प्रेसची जॅकेटसकट, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टनासकट, चांगली प्रत नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. तिच्यासाठी थांबू नका, सुरुवात फुटपाथवर करा. माटुंग्याचं किंग्ज सर्कल, फोर्टात फाउंटनजवळ उरलेले विक्रेते, हैदराबादला आबिड्सचा रविवारचा बाजार, दिल्लीत दर्यागंजहून २०१९ मध्ये महिला हाटात हललेला बाजार, या सगळ्या ठिकाणी पँथर या प्रकाशनाच्या ब्रिटिश पेपरबॅक आवृत्त्या निघतात. आपल्याकडे त्याच जास्त दिसतात याला कारण आहे. राष्ट्रकुल देशांच्या बाजारपेठेचे हक्क ब्रिटिश प्रकाशकांकडे असत, त्यामुळे इंग्रजी पेपरबॅक भारतात यायचे ते लंडनहून. सत्तरच्या दशकातल्या पँथर आवृत्त्यांवर चित्रकार ख्रिस फॉसची अजस्र, पट्ट्यापट्ट्यांची अवकाशयानं आहेत. कथेत असं यान कुठे शोधूनही मिळत नाही, पण एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांपुढे ‘फाउंडेशन’ म्हटलं की तेच यान येतं.

अशी प्रत हातात आली की मुखपृष्ठाचं कौतुक नंतर करा. आधी शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. तिथे पुनर्मुद्रणांची यादी असते आणि शेवटचं साल ते तुमच्या प्रतीचं साल. नंतरच्या काळातल्या पुस्तकांत यादीऐवजी आकड्यांची ओळ असते. त्यात शिल्लक असलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते. मग मागचं मुखपृष्ठ पाहा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशवार किमती तिथे छापलेल्या असतात. त्यावर भारतातल्या एखाद्या दुकानाचा शिक्का किंवा रुपयांतलं चिकटवलेलं लेबल असेल तर ते खरवडू नका. ते पुस्तक इथे कोणत्या वाटेनं आलं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

अमेरिकी हार्डबॅककडे वळलात की सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते बुक क्लबच्या, म्हणजे क्लबनं सभासदांसाठी वेगळ्या काढलेल्या स्वस्त प्रतींत. डबलडे आणि सायन्स फिक्शन बुक क्लब एकाच घरातले, त्यामुळे क्लबची प्रत लांबून अगदी मूळ आवृत्तीसारखी दिसते. ‘फाउंडेशन’ आणि त्याचे पुढचे दोन भाग यांचा एकत्रित जाडजूड खंड तर क्लबनं नव्या सभासदांना वर्षानुवर्षं वाटला. वाचायला उत्तम, पण दुर्मीळ म्हणून कोणी दर लावला तर सरळ नमस्कार करून पुढे जा. ओळखायचं कसं? जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसते, खालच्या कोपऱ्यात बहुधा ‘बुक क्लब एडिशन’ असं छापलेलं असतं, कागद आणि बांधणी हलकी असते. तो कोपरा कापलेला असेल तर संशय घ्याच. डबलडेच्या मूळ पुस्तकांत पहिल्या मुद्रणाच्या वेळी कॉपीराइट पानावर ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द असतात, पुढच्या मुद्रणांत ते काढून टाकतात. शिवाय साठच्या दशकापासूनच्या पुस्तकांत शेवटच्या पानांपैकी एखाद्याच्या आतल्या कडेला, शिवणीलगत, एक बारीक अक्षर आणि आकडा दिसतो. अक्षर वर्षाचं, आकडा आठवड्याचा. पुस्तक पूर्ण उघडून उजेडाकडे तिरकं धरलं तरच तो दिसतो. विक्रेत्याकडून त्या जागेचा फोटो मागायला लाजू नका.

परदेशी भाषांकडे गेल्यावर पहिली अडचण नावाची येते. ‘फाउंडेशन’ असं टाइप करून शोधलंत तर निम्म्या आवृत्त्या दिसणारच नाहीत. हायने प्रकाशनानं १९६६ मध्ये काढलेली जर्मन आवृत्ती ‘डेअर टाउझेंडयारेसप्लान’ या नावानं आहे. इटालियनमध्ये ‘क्रोनाके देल्ला गलासिया’. जपानमध्ये तोक्यो सोगेनशानं ‘गिंगा तेइकोकु नो कोबो’ म्हणजे आकाशगंगेच्या साम्राज्याचा उदयास्त असं नाव दिलं. फ्रेंचांनी मात्र ‘फोंदासियाँ’च ठेवलं. ते १९५७ मध्ये आशेत आणि गालिमार यांच्या ‘ल रेयाँ फांतास्तिक’ मालिकेत आलं आणि पुढे दनोएल प्रकाशनाकडे गेलं. आयएसएफडीबी या विज्ञानकथांच्या डेटाबेसवर पुस्तकाच्या पानावर भाषांतरांची यादी मिळते. तिथून मूळ लिपीतलं नाव जसंच्या तसं उचलायचं आणि त्या त्या देशाच्या साइटवर टाकायचं. जर्मनीसाठी झेडव्हीएबी, जपानसाठी तिथल्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांची ‘निहोन नो फुरुहोनया’, रशियन आवृत्त्यांच्या माहितीसाठी फँटलॅब.

भाषा येत नसली तरी प्रत कधीची ते वाचता येतं, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं. फ्रेंच पुस्तकात पुढच्या पानावरचं साल बहुतेक वेळा हक्काचं असतं. तुमच्या हातातली प्रत केव्हा छापली ते अगदी शेवटच्या पानावर, ‘देपो लेगाल’ या शब्दांजवळ सापडतं. जपानी पुस्तकाची सगळी माहितीही शेवटीच, एका चौकटीत. जुन्या पुस्तकांत साल सम्राटाच्या कालगणनेनं दिलेलं असतं, शोवा सालात १९२५ मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे शोवा ४३ हे १९६८. मुखपृष्ठाला गुंडाळलेली कागदाची अरुंद पट्टी, ओबी, शाबूत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. वाचक ती फेकून देतात, म्हणून तिच्यासह प्रत कमी मिळते.

रशियनसाठी मी माझा नियम मोडते. सोव्हिएत काळातला असिमोव हवा तर ‘फाउंडेशन’ सोडून ‘या, रोबोत’, म्हणजे त्याचं ‘आय, रोबोट’, शोधा. झ्नानिये प्रकाशनाची ती आवृत्ती १९६४ ची आहे. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून मीर आणि प्रगती या सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं घेऊन वाढलेल्या आपल्या पिढीला हा कागद आणि हा शाईचा वास ओळखीचा वाटेल. सोव्हिएत पुस्तकाच्या शेवटच्या माहितीत छपाईला मंजुरी मिळाल्याची तारीख, किती प्रती काढल्या तो ‘तिराज’ आणि कोपेकमधली किंमत हे सगळं उघड लिहिलेलं असतं. इतका प्रामाणिक कागद दुसऱ्या कुठल्या देशाच्या पुस्तकात मला दिसला नाही. सोव्हिएत संघ आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात सामील झाला १९७३ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीत हक्कांच्या ओळी शोधत बसू नका.

परदेशी विक्रेत्याच्या वर्णनातलं ‘गुड’ हे आपलं ‘चांगलं’ नव्हे. त्या धंद्यात ‘गुड’ म्हणजे वापरून झिजलेली, पण पानं पूर्ण असलेली प्रत. ‘व्हेरी गुड’च्या खाली उतरू नका, प्रत खरोखर दुर्मीळ असेल तरच अपवाद करा. जॅकेट ‘फॅक्सिमिली’ असेल तर ते नव्यानं छापलेलं असतं. जुन्या मुखपृष्ठाचा फोटो काढून छापल्यामुळे भिंगाखाली बारीक अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. सहीच्या मोहात पडू नका. असिमोव सह्या सढळ हातानं देई, म्हणून खऱ्या सह्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आडोशानं खोट्याही. विमानाची त्याला इतकी भीती की आयुष्यात दोनदाच तो विमानात बसला, भारतात तो कधी आला नाही. तेव्हा इथल्या बाजारात सही केलेली प्रत दिसली तर ती कुणाकडून, कशी आली हे विचारून मगच पाकीट काढा.

टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होणं नेहमीचंच. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन पुस्तकं एकत्र मागवा. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आलं, कुरिअर कंपनी त्यावर स्वतःचा आकारही लावते, तो आधी विचारून घ्या. न्यू जर्सीत किंवा म्युनिकला भाचा-पुतणी असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवून दिवाळीला येताना आणायला सांगणं सगळ्यात सोपं. मात्र विक्रेत्याला पुठ्ठ्याच्या दोन तक्त्यांमध्ये बांधायला सांगा, नाहीतर बॅगेत कोपरे दुमडतात.

आणि पुस्तकं घरी आली तरी इथला पावसाळा विसरू नका. ठाण्याच्या जुलैत १९५० च्या सुमाराचा आम्लयुक्त कागद फार लवकर खराब होतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा. जॅकेटवर पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घाला, सेलोटेप कुठेही नको. डांबरगोळ्याही नकोत, वास पानांत कायमचा राहतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळाभर बदलत राहा. फुटपाथवरून आणलेल्या पुस्तकाला कसर असल्याचा संशय आला तर हवाबंद पिशवीत घालून दोनेक आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर जमेल, पानांवर नाही. मगच ते बाकीच्या प्रतींच्या शेजारी ठेवा.