दोन रोड सायकलींतून एक निवडायची तर आधी स्टॅक आणि रीच बघा

पहिली रोड सायकल घ्यायची म्हणून बाजार पालथा घातला, बजेट ठरलं, हेल्मेट-पंप-दिव्यांचे पैसे बाजूला काढले आणि आता यादीत दोनच सायकली उरल्या आहेत. हा लेख तिथून पुढचा. नेमकं याच वेळी कुणीतरी जुना सायकलवाला भेटतो आणि सांगतो, "क्लॅरिस नको, सोरावालीच घे." हा सल्ला ऐकून ऐकून मी वैतागले आहे. हे दोन्ही शिमानो कंपनीचे गिअरसंच: क्लॅरिसला मागे आठ गिअर, सोराला नऊ. नीट ट्यून केले असतील तर दोन्ही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. मागचा एक जास्तीचा गिअर मानेचं आणि पाठीचं दुखणं थांबवत नाही. अंगाला न बसणारी सायकल कितीही भारी गिअरची असली तरी थोड्याच महिन्यांत धूळ खात पडते.

सोप्या गोष्टी आधी उरकून टाका. वजनातला अर्धा किलोचा फरक सोडून द्या. भरलेली पाण्याची बाटली त्याहून जड असते. ब्रेकचं म्हणाल तर पावसाळ्यात चालवणार असाल तर डिस्क, एरवी चांगले रिम ब्रेक पुरतात. टायर किमान २८ मिलिमीटरचे बसले पाहिजेत, ३२ बसत असतील तर उत्तम, कारण आपले रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते सांगायला नको. मडगार्डसाठी फ्रेमला भोकं आहेत का ते वाकून बघा.

गिअरमध्ये बघायचं ते एवढंच, की पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती किती दातांची आहे. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर मिनिटाला ७० पेडल मारत तुम्ही ताशी साधारण साडेनऊ किलोमीटरने चढता. मागे २८ असेल तर त्याच लयीला पावणेअकराचा वेग लागतो. सिंहगडाच्या चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो. नवख्याने कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची असलेलीच घ्यावी. मात्र कॅसेट नंतर बदलता येते, तेव्हा केवळ त्यावरून सायकल नाकारू नका.

आता मापाकडे. मला सगळ्यात उशिरा समजलेला भाग हाच, आणि दुकानात सगळ्यात चुकीचं सांगितलं जातं तेही याच बाबतीत. "तुमची उंची पाच फूट सहा इंच? मग मीडियम." किंवा "दोन पायांत दांडा घेऊन उभे राहा, टेकतात ना पाय? झालं." पूर्वी फ्रेमचा वरचा दांडा जमिनीला समांतर असायचा, तेव्हा त्या दुसऱ्या चाचणीला काही अर्थ होता. आजचा दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे दोन-दोन साइजच्या सायकलींवर पाय आरामात टेकतात. साइजच्या नावांचंही तसंच. ट्रेक बऱ्याच सायकलींना ५२, ५४, ५६ असे आकडे देते, जायंट एस, एम, एम-एल अशी अक्षरं देते, आणि एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमएवढं असेलच असं नाही.

म्हणून दोन्ही सायकलींचे जॉमेट्रीचे, म्हणजे फ्रेमच्या मापांचे, तक्ते कंपनीच्या साइटवरून काढा आणि त्यात दोन आकडे शोधा. स्टॅक म्हणजे पेडलचे दांडे ज्या अक्षाभोवती फिरतात तिथपासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून, फ्रेमचं पुढचं तोंड (जिथे हँडलची नळी वर येते) किती उंच आहे ते. रीच म्हणजे तिथूनच ते तोंड किती पुढे आहे ते. स्टॅक जास्त असला की हँडल उंच येतं, रीच जास्त असला की हँडलपर्यंत अधिक ताणावं लागतं.

माझा भाचा असेच दोन तक्ते घेऊन आला होता. म्हणाला, "मावशी, दोन्हींची टॉप ट्यूब ५४५ मिलिमीटरच आहे, मग कुठलीही चालेल ना?" सगळे फसतात ते इथेच. टॉप ट्यूबचं, म्हणजे वरच्या दांड्याचं, माप सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, कोनावर अवलंबून असतं. त्याच्या पहिल्या सायकलीचा तो कोन ७३ अंश, स्टॅक ५५५, रीच ३७५. दुसरीचा कोन ७४ अंश, स्टॅक ५४०, रीच ३९०. सीट तर आपण दोन्हींवर पेडलच्या हिशेबाने पुढे-मागे सरकवून एकाच जागी आणतो. म्हणजे टॉप ट्यूब सारखी दिसली तरी दुसरी सायकल १५ मिलिमीटर खाली आणि १५ मिलिमीटर लांब आहे.

पुढचं गणित जास्त महत्त्वाचं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. स्टॅक वेगवेगळे असताना नुसत्या रीचची तुलना करू नका. दुसऱ्या सायकलीच्या स्टेमखाली (स्टेम म्हणजे हँडल पुढच्या नळीला जोडणारा आखूड तुकडा) १५ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे कड्या, घातले की हँडल जवळजवळ पहिलीएवढं उंच होतं. पण स्टेम ज्या नळीवर बसतो ती पुढची नळी मागे कललेली असल्यामुळे हँडल वर येता येता ४-५ मिलिमीटर मागेही येतं. म्हणजे लांबीतला खरा फरक १५ नव्हे, सुमारे १०. तो १०० ऐवजी ९० मिलिमीटरचा स्टेम लावून मिटतो. एवढं केलं की दोन्ही सायकली अंगाला सारख्याच बसतात, आणि मग रंगावरून निवडलीत तरी माझी हरकत नाही.

अडचण कुठे येते? दुसऱ्या सायकलीच्या स्टेमखाली दुकानातच सगळे स्पेसर लावलेले असतील तर आणखी घालायला जागाच नसते. आणि मूळ स्टेमच ८० चा असेल तर त्याहून आखूड करायचा सल्ला मी देणार नाही, हँडल फार चंचल होतं. अशा वेळी पहिली घ्या, गिअर कमी असले तरी. हँडलबारचा स्वतःचा रीचही, म्हणजे तो स्टेमपासून किती पुढे जातो तेही, विचारा. एकीचा ७० आणि दुसरीचा ८५ असेल तर तक्त्यावरचा सगळा हिशेब पालटतो.

मग चालवून बघा. जाण्याआधी घरी पायाच्या आतल्या बाजूचं माप घ्या: अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचं, जाडसर पुस्तक दोन पायांत घट्ट वर ओढायचं, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर माप असेल तर ७०.६ येतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची दोन्ही सायकलींवर टेपने मोजून लावून घ्या. पुढे थोडं इकडेतिकडे होईल, पण तुलना करताना दोन्ही सारख्याच हव्यात. टायरमधली हवाही सारखी भरायला लावा. एकीत कमी आणि दुसरीत ठासून भरलेली असेल तर तुम्ही फ्रेमची नव्हे, हवेची तुलना कराल.

पार्किंगमधली एक चक्कर पुरत नाही, निदान वीस मिनिटं रस्त्यावर मागा. हात ब्रेकच्या हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर, ठेवून चालवा आणि लक्ष मनगटांकडे असू द्या. सायकल लांब असेल तर थोड्या वेळाने तळवे आपोआप हूड्सवरून मागे सरकतात, बोटं ब्रेकपर्यंत जेमतेम पोचतात, कोपरं ताठ होतात आणि खांदे कानांकडे चढतात. तुम्हाला ते जाणवणारही नाही, म्हणून सोबत्याला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. कोपरात सहज वाक दिसला पाहिजे. भाच्याच्या व्हिडिओत दुसऱ्या सायकलीवर तिसऱ्या मिनिटालाच हात मागे आले होते, आणि तो मात्र "मस्त आहे" म्हणत होता.

शेवटी, पावती करण्याआधी स्टेम बदलून देणार का ते विचारा. बरेच दुकानदार नव्या सायकलीला तो बदलून देतात. आणि पुढच्या नळीचं वर आलेलं टोक "छान दिसेल" म्हणून कापू देऊ नका. पहिले काही महिने स्पेसर वरखाली करत राहावे लागतात, आणि कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.