2027 च्या वर्ल्डकपआधी कतारच्या बास्केटबॉल टीमचा अंदाज कसा घ्यायचा

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की यजमान म्हणजे टीम भारी. दोहाला 27 ऑगस्ट 2027 पासून 32 टीम खेळणारेत आणि कतारला जागा यजमान म्हणून थेट मिळालीये, त्यामुळे क्वालिफायरमधे (पात्रता सामने, जागा पक्की असूनही कतार ते खेळतं) नुसता निकाल बघू नका, शेवटच्या क्वार्टरला कोर्टवर कोण असतं, बॉल कोणाच्या हातात असतो ते बघा.

मग जुना रेकॉर्ड काढा. 2003 आणि 2005 ला कतार आशियात तिसरं होतं, आणि 2006 च्या वर्ल्डकपला गेले तर पाचही मॅच हरले, म्हणजे आशिया आणि जग यातला फरक केवढा आहे बघा!

नंतर 2023 चे यजमान शेजारी ठेवून बघा, मला तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. फिलिपिन्स आणि जपान दोघंही 2019 ला एकही मॅच जिंकले नव्हते. घरच्या मैदानावर फिलिपिन्सला एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग) मधला जॉर्डन क्लार्कसन असूनही एकच विजय मिळाला, जपानने मात्र टॉम होवास कोचला 2021 पासून वेळ दिला, उंची कमी म्हणून पळायचं आणि थ्री-पॉइंटर मारायचे हे ठरवून घेतलं आणि तीन मॅच जिंकून थेट पॅरिस ऑलिंपिक गाठलं.

फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) नियमाने सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू चालतो, म्हणून तो बेंचवर असताना स्कोअर किती घसरतो ते लिहून ठेवा. दोहातल्या मराठी मंडळींनी तर क्वालिफायर स्टेडियममधे जाऊनच बघावेत, टीव्हीवर डिफेन्स नीट कळत नाही.