घरगुती पाणबुडी: आधी वजनाचा हिशेब, मग बॅटरीचा

कोल्हापुरात एका माणसाची पाणबुडी बांधायची म्हटले, तर प्लेट वाकवून देणारे, वेल्डर, लेथवाले आणि बिडाचे ओतकाम करणारे उद्यमनगर ते शिरोली एवढ्या टापूत भेटतात. काम अडते ते हिशेबावर. १.२ मीटर व्यासाचे आणि २.५ मीटर लांबीचे नळकांडे पूर्ण बुडाले की सुमारे २.८ टन पाणी बाजूला सारते, म्हणून माणूस आणि बॅटऱ्या धरून पाणबुडीचे वजनही जवळजवळ तेवढेच भरले पाहिजे. उरलेला थोडा फरक टाक्यांत पाणी घेऊन आणि दाबाच्या हवेने ते बाहेर काढून सांभाळावा. धरणाच्या गोड्या पाण्यात जुळवलेले वजन मालवणच्या खाऱ्या पाण्यात सुमारे ७० किलोने कमी पडते, हेही ध्यानात ठेवावे.

दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब वाढतो, त्यामुळे ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तेवढ्या खोलीत जवळजवळ २ टन भार येतो. झाकण बाहेरून बसणारे असावे, म्हणजे पाणीच ते ओ-रिंगवर (फटीतून पाणी न शिरू देणाऱ्या रबरी कडीवर) घट्ट दाबते; मात्र त्याच कारणाने ते खोलीत हाताने उघडत नाही. बाहेरच्या दाबाखाली पत्रा फाटण्याआधी आत चेपतो आणि गोलाई थोडी जरी बिघडली तरी दाब सोसण्याची त्याची ताकद झपाट्याने घटते, म्हणून आतून कड्या वेल्ड करून प्रत्येक कडीपाशी व्यास अनेक दिशांनी मोजावा. प्लेटची जाडी अंदाजाने मुळीच ठरवू नये. प्रेशर व्हेसलचे, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद टाक्यांचे, काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून ती काढून घ्यावी.

अशा आकाराला सेकंदाला १ मीटर वेगाने चालवण्यास मोटरला ढोबळ मानाने ४०० वॅट लागतात. वेग दुप्पट केला की गरज आठपट, म्हणजे ३,२०० वॅट होते, म्हणून संथ चालच धरावी. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ४ बॅटऱ्यांत ७.२ युनिट वीज मावते आणि त्यातली निम्मीच वापरायची ठरवली, तर संथ चालीत कागदावर ९ तास मिळतात; दुप्पट वेगात एक तासही कठीण, कारण जास्त करंट ओढला की बॅटरीची क्षमताच घटते. बॅटऱ्या तळाशी, वेगळ्या बंद नळ्यांत ठेवाव्यात. त्यामुळे वजनाचा मध्य खाली राहून पाणबुडी कलंडत नाही आणि चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन माणसाच्या हवेत मिसळत नाही. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. या नळ्याही पाणी सारतात, तेव्हा त्यांचे आकारमान पहिल्या हिशेबात मिळवावे.

वर येणे मात्र कधीही विजेवर सोपवू नये. बिडाचा १५० किलोचा ठोकळा तळाला बांधून तो आतून हाताने सोडता येईल अशी खीळ बसवावी. पाण्याखाली त्याचे वजन सुमारे १३० किलो भरते आणि तो सुटताच तेवढी उचल मिळते. बंद हवेत प्राणवायू संपण्याआधी कार्बन डायऑक्साइड त्रास देतो, कारण एका माणसामुळे एवढ्या जागेत तो तासाला साधारण १ टक्क्याने वाढतो. यासाठी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा आणि त्यातून हवा ओढणारा छोटा पंखा लागतोच.

धरणाच्या पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. पहिली बुडी माणसाविना, क्रेनच्या दोराने, ठरवलेल्या खोलीच्या दीडपट द्यावी, तासभर तशीच ठेवावी आणि वर काढल्यावर प्रत्येक कडीपाशी व्यास पुन्हा मोजावा. मापे जुळली आणि आत थेंबही नसला, तरच दोर न सोडता आणि काठावर बुडी मारणारा माणूस तयार ठेवून माणसासह ३ मीटरपर्यंत जावे.