चाळीस माणसं, एक दुर्बीण: आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरवताना या चुका टाळा

पावसाळा सरला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज पडतोच: "शनिवारी आकाशदर्शन, जेवणासकट, कोण कोण येणार?" दोन दिवसांत पन्नास नावं येतात. त्या रात्री चंद्र कधी उगवतो हे कुणी बघितलेलं नसतं, दुर्बीण कुणाची हे ठरलेलं नसतं, पण पिठलं-भाकरी की पावभाजी यावर मात्र साठ मेसेज झालेले असतात. ज्योतिर्विद्या परिसंस्था याच शहरात १९४४ साली सुरू झाली, म्हणजे हौशी आकाशनिरीक्षण इथे काही नवं नाही. तरी चुका त्याच त्या.

सुट्टी बघून तारीख धरणं

आधी लाँग वीकएंड शोधायचा, मग चंद्राचं बघू, हा उलटा कारभार आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी छापलेली असते, तेवढी वाचली तरी निम्मं काम होतं.

ढोबळ हिशेब असा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, म्हणजे संध्याकाळ ते बारा एवढाच कार्यक्रम असेल तर अष्टमीपासून अमावास्येपर्यंतचा कुठलाही दिवस चालेल. रात्रभर थांबायचं असेल तर कृष्ण त्रयोदशी ते शुक्ल तृतीया एवढीच खिडकी. तृतीयेची कोर साडेआठच्या आसपास मावळते, ती आल्याआल्या बघून घेता येते, तिचा त्रास नाही.

काही घरांत अमावास्येला रात्री बाहेर पडू देत नाहीत. यावर वाद घालत बसू नका. आदल्या शनिवारी जा, आकाश तितकंच काळं असतं. दिवाळीतली अमावास्या मात्र सोडूनच द्या. लक्ष्मीपूजन असतं, हवेत फटाक्यांचा धूर असतो आणि माणसं घरी असतात. आपला हंगाम खऱ्या अर्थाने त्याच्या पुढच्या अमावास्येपासून सुरू होतो आणि मार्चपर्यंत चांगला चालतो. मार्चनंतर मावळ-वेल्ह्याकडे राब भाजतात, डोंगरांना वणवे लागतात, क्षितिजावर धुराची पट्टी बसते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात. पर्सीड उल्कावर्षावाच्या बातम्या ऑगस्टमध्ये वाचून हुरळून जाणाऱ्यांनी आधी खिडकीबाहेर बघावं. उल्काच बघायच्या तर १३-१४ डिसेंबरचा मिथुनेतला वर्षाव धरावा.

आणि कोजागरीला आकाशदर्शन ठेवू नका. आटीव दूध प्या, गाणी म्हणा. तारे दिसणार नाहीत. पूर्ण चंद्रावर ऊन समोरून पडतं, त्यामुळे विवरांच्या सावल्याही नसतात, चंद्र नुसता पांढरा गोळा दिसतो. लहान मुलांना चंद्र दाखवायचा असेल तर शुक्ल सप्तमी-अष्टमी घ्या. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं अशी उठून दिसतात की मुलं आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, चिकटून बसतात.

माणसं मोजली, पण दुर्बिणी मोजल्या नाहीत

सर्वांत जास्त रात्री याच एका चुकीने वाया जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

चित्र असं असतं. जानेवारीतला शनिवार, आठ इंची डॉब (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) एक, माणसं चाळीस. साडेसातला अंधार पुरता पडतो आणि रांग लागते. प्रत्येक जण म्हणायला एक मिनिट बघतो, पण चष्मा काढणं, वाकणं, "कुठं बघायचं?" विचारणं आणि बाजूला होणं धरून दोन मिनिटं जातात. चाळीस गुणिले दोन म्हणजे ऐंशी मिनिटं, एका वस्तूला. देवयानी दीर्घिका दाखवून होईपर्यंत नऊ वाजतात. मृगातला तेजोमेघ झाला की साडेदहा. तिसऱ्या वस्तूला रांगेत बाराच जण उरतात, बाकीचे शेकोटीपाशी अंताक्षरी खेळत असतात.

पण खरी गंमत रांगेच्या आतच चाललेली असते. या दुर्बिणीची नाभीय लांबी १२०० मिलिमीटर. २५ मिमीचा आयपीस लावला तर मोठेपणा ४८ पट आणि दिसणारं आकाश जेमतेम एक अंशाचं. पृथ्वी फिरते, तारा दर मिनिटाला पाव अंश सरकतो, आणि साध्या डॉबला मोटर नसते. मध्यावर धरलेला तेजोमेघ दोन मिनिटांत कडेला जातो. १० मिमीचा आयपीस असेल तर पन्नास सेकंदांतच. त्यात पाचवा माणूस आधाराला म्हणून आयपीस पकडतो आणि नळी दोन बोटं हलते. सहाव्याला काळा अंधार दिसतो. मागे तीस माणसं उभी आहेत, आपल्यालाच कळत नसेल असं वाटून तो म्हणतो, "हो, दिसलं. मस्त." सातवा म्हणतो, "वा!" असे दहा-बारा जण रिकामं आकाश बघून, दाद देऊन पुढे जातात. मग एखादी दुसरीतली मुलगी मोठ्याने सांगते, "काका, यात काहीच नाहीये," तेव्हा कुठे दुर्बीणवाला धावत येतो.

यावर उपाय साधे आहेत, फक्त पाळायला माणूस लागतो.

एका दुर्बिणीमागे बारा माणसं, ताणून पंधरा. तीनच दुर्बिणी मिळत असतील तर छत्तीस नावांवर यादी बंद. "माझा मेहुणा पण येतोय" याला उत्तर एकच: पुढच्या अमावास्येला.

प्रत्येक दुर्बिणीपाशी एक माणूस रात्रभर. त्याने दर दोन माणसांनंतर स्वतः डोळा लावून वस्तू मध्यावर आणायची, तीही अशी की ती सरकत मध्याकडे येईल, मध्यापासून लांब जाणार नाही. शेजारी पाठ असलेली एक खुर्ची उलटी ठेवा, हात टेकायला. हाताला काहीच नसेल तर माणूस आयपीसच धरतो, त्याला कितीही बजावा. मुलांसाठी पायऱ्यांचं स्टूल हवंच, कारण डोक्यावरची वस्तू बघताना या डॉबचा आयपीस जवळपास चार फुटांवर जातो. फोकसची चाकी मात्र प्रत्येकाला फिरवू द्या. जवळचं न दिसणाऱ्याचा आणि लांबचं न दिसणाऱ्याचा फोकस एक नसतो.

"दिसलं का?" हा प्रश्नच विचारू नका. गुरू असेल तर "चंद्र किती दिसले, कुठल्या बाजूला किती?" असं विचारा. मृगाच्या तेजोमेघात "मधे बारके तारे किती?" चार म्हणाला तर बघितलंय. "खूप होते" म्हणाला तर पुन्हा आयपीसपाशी पाठवा, लाजू नका.

रांगेतले आणि रिकामे असे दोन गट करा. रिकाम्या गटाला सतरंजीवर आडवं करून नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं दाखवणारा एक जण द्या आणि १०×५० च्या दोन बायनॉक्युलर फिरवत ठेवा. कृत्तिका दुर्बिणीपेक्षा बायनॉक्युलरमध्येच देखण्या दिसतात, कारण त्या दुर्बिणीच्या एका अंशात मावतच नाहीत. अर्ध्या तासाने गट बदला.

आणि येतानाच गाडीत सांगून टाका की फोटोतला गुलाबी-निळा रंग दिसणार नाही. डोळ्याला तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. हे आधी सांगितलं तर माणूस बारकावे बघतो, नाही सांगितलं तर फसवल्यासारखा चेहरा करतो. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढायचा हट्ट फक्त चंद्राच्या वेळी आणि रांग संपल्यावर.

जागा: दरी सुंदर, पण उपयोगाची नाही

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची २ मीटरची दुर्बीण गणेशखिंडीत नाही, ऐंशी किलोमीटरवर गिरवलीला आहे. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नसते, पण दिशा बघायची गरज असते. पुण्याच्या आकाशात बघण्यासारखं बरंच दक्षिणेला असतं, म्हणून शहर आपल्या उत्तरेला पडेल अशी जागा घ्या. भोर, वेल्हे, पुरंदरच्या अंगाची पठारं यासाठी बरी. शिरवळच्या एमआयडीसीचे दिवे तेवढे टाळा. मुळशीला गेलात तर पुण्याचा उजेड पूर्वेला, म्हणजे नेमका उगवतीच्या ताऱ्यांवर. पवनेच्या काठावर पूर्वेला पिंपरी-चिंचवडची लाली आणि शेजारच्या तंबूंवर फोकस नि गाणी.

पठारच हवं. अगस्त्य पुण्याहून जास्तीत जास्त १९ अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढाही नाही. जानेवारीच्या मध्यावर तो रात्री साडेअकराच्या सुमारास तेवढा वर असतो. समोर डोंगर असेल तर संपलं. ध्रुवाचंही तेच, तो साडेअठरा अंशांवर. मोटरने फिरणारी बैठक (माउंट) जुळवायला ध्रुव लागतो, तेव्हा उत्तरेला झाड किंवा डोंगर नको.

जागा दिवसा एकदा बघून या आणि गावच्या पोलीस पाटलांना भेटून या. मध्यरात्री दहा गाड्या आणि तोफेसारख्या नळ्या बघून गावाने काय समजायचं? गडावर मुक्काम डोक्यात असेल तर परवानगीचं आधी बघा. जुन्नर-आंबेगाव भागात उसाच्या कडेला उघड्यावर बसू नका, बिबट्यांचा वावर आहे. कुठेही असलात तरी रात्री चपलेवर फिरायचं नाही. बूट, आणि झाडीत जाताना दोघं.

उजेड

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती मेहनत एका पांढऱ्या झोताने दोन सेकंदांत फुकट जाते. हे सगळ्यांना सांगून झालेलं असतं, तरी दगा देतात त्या गाड्या. रिमोटने गाडी उघडली की चारही इंडिकेटर लुकलुकतात, दार उघडलं की आतला दिवा, डिकी उघडली की डिकीचा. म्हणून स्वेटर, पाणी, औषधं, सगळं अंधार पडायच्या आत बाहेर काढा, आतला दिवा बंद करा. लवकर जाणाऱ्यांच्या गाड्या लांब आणि तोंड रस्त्याकडे करून लावा.

टॉर्चला लाल जिलेटिनचा एकच थर पुरत नाही, उजेड गुलाबी येतो. तीन-चार थर लावून रबर बांधा. लाल दिव्याच्या स्वस्त हेडटॉर्चमध्ये बऱ्याचदा आधी पांढरा लागतो आणि मग लाल. घरी दाबून बघा. तारे दाखवायचा हिरवा लेझर पूर्ण ग्रुपमध्ये एक, एकाच्याच हातात, आणि विमान दिसलं की खाली. लोहगावला जाणारी विमानं या भागावरूनही जातात.

बाकीच्या, थोडक्यात

घाटातून आदळत आलेल्या डॉबचे आरसे हललेले असतात. कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, उजेडातच तपासा. फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) किलोमीटरभर लांबच्या विजेच्या टॉवरच्या टोकावर जुळवा, आणि हे करताना पश्चिमेकडे नळी अजिबात नको. मावळतीचा सूर्यही डोळा घालवतो.

आरसा गाडीच्या उबेतून बाहेर आल्यावर निदान अर्धा तास थंड होऊ द्या. तोवर तारा उकळत्या पाण्यातल्यासारखा दिसतो आणि नवखे "ही दुर्बीण खराब आहे" म्हणून मोकळे होतात.

"६७५ पट मोठं दाखवणारी" साठ मिलिमीटरची दुर्बीण कुणी आणली तर तिला १२० पटींच्या वर नेऊ नका.

जेवण साडेसातच्या आत. दहाला गरम पिठलं-भाकरी घातलीत तर अकराला निम्मे घोरतात. एकच्या चहाचं दूध वेगळं ठेवा. ढगाळ असेल तर काय, हे नावं घेतानाच ठरवा: दोन तारखा एकदम जाहीर करायच्या आणि निर्णय शुक्रवारी संध्याकाळी. गावातल्या मावशींनी किराणा भरल्यावर रद्द केलं तर त्यांचे पैसे द्यायचेच.

पहाटे चारला घाट उतरायचा नाही. ज्याला लवकर जायचंय त्याने बाराला निघावं, बाकीच्यांनी उजाडल्यावर.

राहिलं दव. धरणाच्या काठावर मध्यरात्रीनंतर सगळं ओलं होतं. आधी फाइंडर आणि आयपीस धुकटतात, मग तोंडाला काच असलेल्या दुर्बिणी. डॉबचा आरसा नळीच्या तळाशी असल्याने तो सर्वांत शेवटी. जुन्या योगा मॅटची गुंडाळी करून नळीच्या तोंडाला वेल्क्रोने लावा, आठ इंचांच्या नळीला पुढे बारा ते सोळा इंच येईल एवढी. वापरात नसलेले आयपीस जॅकेटच्या खिशात. ओल्या काचेला रुमाल लावायचा नाही, त्यात धूळ असते आणि काचेवरचा लेप ओरबाडला जातो. घरी आल्यावर दमून टोपणं घट्ट लावून दुर्बीण माळ्यावर टाकू नका. टोपणं काढून, नळी थोडी खाली झुकवून दोन-तीन तास खोलीत वाळू द्या, मगच बंद करा. ओलावा आत कोंडला तर पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, आणि ती पुसून जात नाही.