मन जड झाले असताना चित्र कसे काढावे

मन जड झालेले असते, घशाशी आवंढा अडकलेला असतो, आणि कोणी 'काय झाले?' असे विचारले तर सांगायला शब्द सापडत नाहीत. अशा वेळी बोलण्यापेक्षा हाताने काहीतरी करणे सोपे जाते. कागदावर रेघा ओढणे, रंग पसरवणे, माती मळणे या साध्या कृतींचा मनाला आधार कसा घेता येईल, याविषयी हे लेखन आहे.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल हे १९३८ साली क्षयरोगावर उपचार घेत होते. रुग्णालयातील त्या लांबलेल्या मुक्कामात चित्रे काढल्याने आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी इतर रुग्णांनाही चित्रे काढायला प्रवृत्त केले आणि १९४२ मध्ये या पद्धतीला 'कला-उपचार' अशा अर्थाचे नाव दिले. आज हा स्वतंत्र व्यवसाय असून त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. घरी स्वतःपुरते चित्र काढणे आणि प्रशिक्षित उपचारकासमोर बसून काढणे यांत मोठा फरक आहे. येथे फक्त पहिल्याचा विचार केला आहे.

सर्वांत मोठी अडचण बहुधा एकच असते. 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य शाळेपासून मनात घर करून बसलेले असते. येथे मात्र चित्र चांगले येण्याची गरजच नाही. २०१६ साली कला-उपचाराच्या संशोधक गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मार्कर पेन, माती आणि कागदाची चिकटकामे यांतून हवे ते करू दिले. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसोल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण त्यानंतर कमी झालेले आढळले. ज्यांना चित्रकलेचा पूर्वानुभव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता आणि सर्वांनाच सारखा लाभ झाला नाही, हेही लक्षात ठेवावे.

साहित्य निवडताना मात्र थोडा विचार करावा, कारण प्रत्येक साहित्याचा स्वभाव वेगळा असतो. पेन्सिल किंवा स्केचपेन आपल्या ताब्यात राहते. जेथे टेकवावे तेथेच ते उमटते. जलरंगांचे तसे नाही. कागद ओला करून त्यावर निळ्या रंगाचा एक थेंब सोडून पाहावा. त्याची कड हळूहळू पिसासारखी उकलत जाते, दुसरा रंग जवळ आला की दोन्ही एकमेकांत शिरतात आणि त्यांना थांबवणे आपल्या हाती राहत नाही. मन गोठल्यासारखे, कोरडे झाले असेल तर हे वाहणे मोकळे करणारे ठरते. पण आधीच जीव घाबरा झालेला असताना तेच वाहणे अस्वस्थता वाढवू शकते. म्हणून घाबरलेल्या मनाने पेन्सिलकडे वळावे, हे माझे ठाम मत आहे. रागासाठी मात्र मातीला तोड नाही. मुठीत मावेल एवढा गोळा घेऊन तो दाबावा, आपटावा, पिळावा. अंगठ्याचा खळगा मातीत तसाच राहतो, आणि हवे तेव्हा ओल्या बोटाने तो बुजवताही येतो.

बसण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी. पाऊण तास मिळाला तर उत्तम, पण वीस मिनिटेही पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. कोऱ्या कागदाची धास्ती वाटत असेल तर सवयीच्या नसलेल्या हाताने सुरुवात करावी. त्या हाताकडून कोणीच सुबकपणाची अपेक्षा करत नाही, त्यामुळे मनावरचा ताण पहिल्याच मिनिटात सैल होतो. श्वास घेताना रेघ वर न्यावी, सोडताना खाली आणावी, आणि पानभर असेच करत राहावे.

त्यानंतर कोणती वाट धरायची, हे त्या दिवसाच्या मनःस्थितीवर ठरवावे. दुःख तेच पुन्हा पुन्हा कागदावर मांडल्याने ते हलके होते, असा समज आहे. मानसशास्त्रज्ञ जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांच्या प्रयोगांत मात्र वेगळे दिसले. ज्यांनी आपल्या दुःखद आठवणीचे चित्र काढले त्यांच्यापेक्षा, ज्यांनी दुसऱ्याच एखाद्या गोष्टीचे चित्र काढले त्यांची मनःस्थिती तेवढ्या वेळेपुरती अधिक सुधारली. म्हणून दिवस फार वाईट असेल तर समोरची किल्ली, पान किंवा स्वतःची चप्पल निरखून काढावी, अथवा ताटाच्या कडेने वर्तुळ आखून त्यात नक्षी भरावी. मन थोडे स्थिर असेल तेव्हाच भावनेकडे थेट जावे. तेव्हाही प्रसंग रेखाटण्याऐवजी 'या भावनेचा रंग कोणता, ती जड की टोकदार, ती शरीरात कोठे बसली आहे' असे विचारावे आणि उत्तर फक्त रंगांनी व आकारांनी द्यावे.

काढता काढता रडू आले तर येऊ द्यावे. पण छाती धडधडू लागली, जुना आघात डोळ्यांसमोर उभा राहू लागला, तर तत्काळ हात थांबवावा, पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत आणि कागद पालथा करून बाजूला ठेवावा. असे वारंवार घडत असेल, झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर चित्रावर विसंबून राहू नये. मानसोपचारतज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी.

चित्र झाल्यावर ते हातभर अंतरावर ठेवून दोन मिनिटे नुसते पाहावे. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न टाळावा, कारण काळा रंग म्हणजे निराशा असली तयार समीकरणे बहुधा दिशाभूल करतात. नजर कोठे थांबते, कोणता भाग रिकामा राहिला, एवढेच टिपावे. मागच्या बाजूला तारीख आणि दोन-तीन वाक्ये लिहावीत. ते चित्र निदान काही दिवस कोणाला दाखवू नये. कौतुकाची अपेक्षा एकदा शिरली की हात पुन्हा सुबकपणाकडे वळतो. महिनाभराने सारे कागद तारखेनुसार जमिनीवर मांडावेत आणि मागे लिहिलेली वाक्ये त्याच क्रमाने वाचून काढावीत.