व्यावसायिक तव्यावरील तेलाचा थर कसा काढावा

मोठ्या स्वयंपाकघरातील सपाट पोलादी तव्यावर साचणारा काळा, चिवट थर म्हणजे नुसते तेल नव्हे. वारंवार तापल्याने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांत जळलेल्या अन्नाचे कण अडकतात आणि मग तो थर साबणाच्या पाण्याला दाद देत नाही. तो ऊब असतानाच सैल होतो. म्हणून तवा पूर्ण निवल्यावर घासत बसण्यासारखी वाया जाणारी मेहनत दुसरी नाही.

काम संपताच आच बंद करावी आणि तवा गरम असतानाच रुंद पात्याच्या खरवडणीने सुटे कण व तेल पुढच्या पन्हळीत ओढावे. यानंतर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा घरंगळला, तर तवा अजून फार तापलेला आहे, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक; थेंब जागीच चुरचुरून आटू लागला की थोडे तेल पसरून तव्यासाठीच्या खास सच्छिद्र दगडाने, पत्र्याच्या रेषांच्या दिशेनेच, दाब देऊन घासावे. तेलात मिसळून सुटलेला काळा चिखल खरवडून पुसून घ्यावा आणि कोपऱ्यांना थोडा जास्त वेळ द्यावा, कारण खरा हट्टी थर तिथेच असतो. तव्यावर क्रोमचा मुलामा असेल, तर मात्र दगड व तारेची घासणी दोन्ही वर्ज्य. तेथे उत्पादकाने सांगितलेली साधनेच वापरावीत.

तापल्या तव्यावर बर्फ किंवा गार पाणी ओतण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण अचानक आकसल्याने पत्रा वाकू शकतो आणि उसळलेली वाफ हात भाजते.

एवढ्यानेही थर सुटला नाही, तरच अल्कधर्मी द्रावण वापरावे. हातमोजे व चश्मा घालून, हवा खेळती ठेवून, डब्यावरील सूचनेप्रमाणे, आणि दुसऱ्या कोणत्याही रसायनात न मिसळता. त्याचा अंश उरू नये म्हणून तवा नंतर स्वच्छ पाण्याने दोनतीनदा पुसावा. तेलाचा ट्रे रोज रिकामा करावा, कारण साचलेले तेल पेट घेऊ शकते.

घासलेले उघडे पोलाद लवकर गंजते. म्हणून शेवटी तवा कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा, पुसावा आणि हेच पुन्हा एकदोनदा करावे. थंड झाल्यावर बोटाला चिकट लागले, तर तेल जास्त झाले आहे. ते पुसून पुन्हा तापवावे.