अद्भुतकथेतल्या जखमा: या चुका टाळा

नायकाच्या खांद्यात बाण घुसतो. तो दातओठ खात बाण उपसून फेकतो आणि पुढच्याच पानावर त्याच हाताने तलवार फिरवतो. उडते घोडे वाचक मुकाट मान्य करतो. इथे मात्र पुस्तक मिटतो.

खांदा म्हणजे बिनधोक जागा, हा समज आधी सोडा. हाताची मुख्य धमनी आणि नसांचा जुडगा तिथे कॉलरबोनखालूनच जातो. शिवाय बाण खेचला की नुसती काडी हाती येण्याची शक्यता मोठी. फाळ आत राहतो आणि काडीने दाबून धरलेलं रक्त भळाभळा सुटतं.

१४०३ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीच्या, चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, टोक कवटीच्या हाडात रुतून बसलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने मधात भिजवलेल्या वाती घालून जखम हळूहळू रुंद केली, मळसूत्राचा खास चिमटा बनवून टोक बाहेर काढलं, वाइनने जखम धुतली. मग दर थोड्या दिवसांनी वात आखूड करत ती आतून भरू दिली. यात आठवडे गेले. कथेत हेच आठवडे गायब असतात, आणि खरं नाट्य तिथेच असतं: सैन्य खोळंबलंय, शत्रू सावरतोय, राजपुत्राला तोंड उघडता येत नाही.

धनुर्वाताचंही तसंच. जखम सुकत आलेली, सगळे निर्धास्त, आणि आठेक दिवसांनी जबडा आखडतो. असं कथानक लेखक फुकट का घालवतात, कोण जाणे!

डोक्यात फटका मारून पहारेकऱ्याला तासभर झोपवू नका. इतका वेळ शुद्ध हरपली तर मेंदूला गंभीर इजा झालेली असते. तो उठून डोकं चोळत पाठलाग करणार नाही.

विषाचं सांगायचं तर मण्यार चावल्याचं अनेकदा कळतही नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. तोंडाला फेस येऊन क्षणात गतप्राण होणं विसरा. जखमेला तोंड लावून विष चोखणंही.

‘आमच्याकडे मंत्र आहेत की!’ असू देत. पण मंत्राआधी हाड जागेवर बसवलं होतं का? वाकडं जुळलं, तर सरळ करायला ते पुन्हा मोडावं लागेल. ते कोण मोडणार, हे लिहायला बसण्याआधी ठरवा.